अडनिडं वय: आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी

ओटीवरची
माळा आवरताना पत्र्याचा जुना डबा हाती लागला. आत सुती फडक्यांच्या घड्या. 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसवायचे दिवस झरकन डोळ्यांपुढून गेले. पण रडगाणं नको, म्हणून हा धागा काढला. भाची सहावीत गेलीय, तिच्या आईला कामाचं हवंय: काय, किती, कधी आणि कुठे चुकतं. मुलग्यांचंही लिहा.

बटव्यापासून सुरू करते. छाती भरायला लागली (8 ते 13 यांत कधीही) की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे बटवा आधीच दप्तरात हवा. आत 2 पॅड, गडद रंगाची 1 निकर, वर्तमानपत्राचे 2 तुकडे, खराब निकर ठेवायला झिपची पिशवी. पॅड बिनवासाचे घ्या, सुगंधी पॅडने कित्येकींना खाज सुटते. घरी एकदा लावून बघू द्या. हमखास चुका दोन: पॅड फार पुढे लावतात, आणि पंखांचा कागद काढायचा राहतो. अख्ख्या पाळीत रक्त जातं ते बहुधा 30 ते 80 मिली, म्हणजे फार तर अर्धी वाटी. हे वाटीत पाणी घेऊन दाखवा, भीती निम्मी होते. पॅड दर 4 ते 6 तासांनी बदलायचं, भरलं नसलं तरी.

चकलीताई
डबा टाकू नका हं, दिवाळीला चकल्या राहतील.

ओटीवरची
फडक्यांच्या डब्यात??

नदीकाठ
डाग थंड पाण्यात. थंडच. गरम पाणी घातलं की रक्तातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं, मग कितीही घासा. अर्धा तास मीठपाण्यात, मग साबण. कापडी पॅड असतील तर कडक उन्हात वाळवा. मुली लाजून ओढणीखाली वाळत घालतात, ते आत दमट राहतात आणि मग जांघेत बुरशी. पावसाळ्यात तर इस्त्री फिरवाच.

पेटीवाला
मुलग्यांच्या आवाजाबद्दल, कारण क्लासला यावरून फार रडारड होते. आवाज फुटतो तेव्हा स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. बहुतेकांचं 12 ते 15च्या दरम्यान, काही महिने चालतं. कालपर्यंत काळी चारला (पेटीवरची उंच पट्टी) गाणारा पोरगा आज मधेच किंचाळतो नाहीतर घोगरा होतो. उपाय: गाणं बंद नाही, पट्टी खाली. दर पंधरा दिवसांनी पेटीवर सा शोधायचा, रोज 15-20 मिनिटं, फक्त मध्य सप्तकात, तारसप्तकाला हातही लावायचा नाही. स्पर्धेसाठी जुन्या पट्टीत ताणून गायला लावणारे पालक भेटतात. त्यांना आधी बसवून समजवावं लागतं.

मिसरूड
मुलग्यांना कोणी काही सांगत नाही, म्हणून भराभर लिहितो.

छातीत, निपलखाली दुखरी गाठ. निम्म्याअधिक मुलग्यांना येते, कधी एकाच बाजूला. सहा महिने ते दोन वर्षांत बहुधा जिरते. सारखी दाबून बघायची नाही. पोरं त्यापायी पोहायला जायचं सोडतात, शर्टाखाली दोन बनियन घालतात.

झोपेत वीर्य जाऊन चादर खराब होणं हा आजार नाही. त्याला स्वतःची चादर मशिनमध्ये टाकायला शिकवा, विषय संपला. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर 'धातू जाते' म्हणून जे रंगवलेलं असतं, तिथे पैसे आणि झोप दोन्ही जातात.

आणि हे विसरू नका: एका बाजूच्या वृषणात अचानक जोराची कळ, सोबत उलटी. वृषण पिळवटलेलं असू शकतं. 6 तासांच्या आत सोडवलं तर बहुतेकदा वाचतं. 'सकाळी बघू' नाही, रात्री दोनला असलं तरी थेट मोठ्या रुग्णालयात. पोरगा लाजून पोट दुखतंय असं सांगतो, म्हणून हे आधीच बोलून ठेवायचं.

चकलीताई
बाप रे, हे माहीत नव्हतं. लेकाच्या बाबांना पाठवलं.

मिसरूड
दाढीबद्दल: आंघोळीनंतर, फेस लावून, केस वाढतात त्या दिशेने. वडिलांचा रेझर नाही, स्वतःचा. तुरटी ओली करून फिरवायची. दाढी केल्याने केस दाट होत नाहीत, टोक बोथट कापलं जातं म्हणून राठ लागतात.

कोरफड
मुरुमांवर एक. 2.5 टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल, वाटाण्याएवढं, नुसतं मुरुमावर नाही तर मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. फरक पडायला 6 ते 8 आठवडे लागतात, पोरं आठव्या दिवशी सोडून देतात. कपाळावरच असतील तर आधी डोक्याचं तेल कमी करा. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा काही फासू नका.

औषधाच्या दुकानातून 'गोरं करणारी' ट्यूब आणली असेल तर मागचं बारीक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन दिसलं की ते स्टेरॉइड. आठवडाभर चेहरा छान, मग लाल, पातळ, आणि मुरुमं दुप्पट. बरेच दिवस लावत असाल तर एकदम सोडूनही भडकतं, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून सोडा. गजकर्णावरही याच ट्यूबा चोळतात, म्हणून ते हटत नाही.

नदीकाठ
त्या जेलने निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडलेत. कसे काढू?

कोरफड
निघत नाहीत. तो डाग नाहीच, रंग उडालाय. टॉवेल आता लादी पुसायला. उशीचा अभ्रा पांढरा वापरा.

निळी गोळी
शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीवरून दरवर्षी गोंधळ. 10 ते 19 वयाला निळी गोळी: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, आठवड्यातून एकच. मुलग्यांनाही, हो. जेवणानंतर द्यायची. रिकाम्या पोटी दिली की एकीला मळमळतं, तिचं बघून दहा जणींना, संध्याकाळी गावभर 'गोळीने पोरी आजारी', पुढच्या आठवड्यात अर्ध्या गोळ्या खिडकीबाहेर. आधी-नंतर तासभर चहा नाही, वरणात लिंबू पिळा. शौचाला काळी होते, घाबरू नका. जंताची गोळी (अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम) वर्षातून दोनदा, चावून. मुलींचं हिमोग्लोबिन 12च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, डॉक्टर रोजची देतात.

ओटीवरची
कुकर लावलाय, शिट्टीपर्यंत एक विचारते. पाळी सुरू झाल्यावर दोन महिने आलीच नाही, तर?

निळी गोळी
पहिली दोन-तीन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, अधूनमधून जास्तही लांबतं. कालनिर्णयावर गोल करायला सांगा. दाखवायचं कधी: 90 दिवसांच्या वर गेली, 7 दिवसांहून जास्त चालली, दर तासा-दोन तासांनी पॅड भरतंय, किंवा 15 पूर्ण झाली तरी आलीच नाही. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू नसेल तरीही. आणि पाळीनंतर उंची थांबते असं नाही, बहुतेकींची 5 ते 7 सेंमी आणखी वाढते. त्यामुळे शाळेचा गणवेश एक माप मोठाच शिवा.

पेटीवाला
झोपेचं कोणी लिहिलं नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा स्रवतं. गरज 8 ते 10 तासांची, आणि क्लास सकाळी सहाला! शिवाय समोरासमोर बसवून 'बोल, काय झालंय' विचारलं की तोंड मिटतात. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसवून विचारा, नजर चुकवता येते म्हणून बोलतात. फारच गप्प झाला, खाणं सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416, फुकट, मराठीतून, चोवीस तास.

चकलीताई
मटार सोलताना अर्धे खातात पण.

नदीकाठ
वापरलेलं पॅड: गुंडाळी करून वर्तमानपत्रात, वर पेनने लाल ठिपका, वेगळी पिशवी. कचरा वेचणाऱ्या बायकांना उघडून बघावं लागत नाही. संडासात टाकायचं नाही, फुगून पाइप तुंबतो.

ओटीवरची
शिट्टी झाली. डबा घासून भाचीला देतेय, पॅड ठेवायला. चकलीताई, चकल्या विसरा.