महाविद्यालयाच्या आवारात फ्लूचा फैलाव रोखायचा तर भर कशावर द्यावा?

प्रश्न (विद्यार्थी प्रतिनिधी)

फ्लूची साथ आली की आमच्या महाविद्यालयात फलक लागतात, प्रवेशद्वाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवली जाते आणि तरीही पंधरवड्यात अर्धा वर्ग खोकत असतो. या वेळी विद्यार्थी परिषदेने प्राचार्यांना लेखी सूचना द्यायचे ठरवले आहे. दहा उपाय सुचवले तर त्यांतला एकही धड अमलात येणार नाही, म्हणून मोजकेच सुचवावेत असे मला वाटते. शिवाय आजारी विद्यार्थ्याने किती दिवस वर्गापासून दूर राहावे, यावर आमच्यातच एकमत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, विद्यार्थी आरोग्य केंद्र)

दिवसांचा प्रश्न आधी घेतो. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे १ ते ४ दिवस जातात आणि लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच त्या व्यक्तीकडून इतरांना लागण होऊ शकते. पुढे ५ ते ७ दिवस ही शक्यता राहते, पण आजाराचे पहिले तीन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. आजाऱ्याला वेगळे ठेवल्याने साथ पूर्णपणे थांबणार नाही हे खरे. तरीही नेमके हे तीन दिवस तो खोलीत राहिला, तर पुढची बरीचशी लागण टळते.

परत येण्याचा निकष सोपा आहे : तापाचे औषध न घेता सलग २४ तास ताप नसावा आणि एकंदर प्रकृती सुधारत असावी. यातले ‘औषध न घेता’ हे शब्द सूचनापत्रात ठळक छापा. सकाळी आठ वाजता पॅरासिटामॉल घेऊन प्रात्यक्षिकाला आलेल्या विद्यार्थ्याचा ताप दहा वाजता तपासला तर तो ठणठणीत ठरतो आणि दुपारी पुन्हा फणफणतो; मधल्या वेळात त्याने शेजाऱ्याच्या जर्नलवर वाकून आकृती उतरवून घेतलेली असते. म्हणूनच प्रवेशद्वारावर ताप मोजणारा माणूस उभा करण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

सॅनिटायझर असावे, त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असावे आणि साबणाने हात धुताना किमान २० सेकंद चोळावेत, एवढे सांगून तो विषय संपवतो. फ्लू मुख्यतः खोकला, शिंक आणि बोलणे यांतून बाहेर पडणाऱ्या थेंबांवाटे पसरतो, त्यामुळे बाटलीपेक्षा वर्गाच्या उघड्या खिडक्या आणि खोकणाऱ्याच्या तोंडावरचा मास्क अधिक उपयोगी.

उत्तर (प्राध्यापिका)

डॉक्टरांनी सांगितलेले तीन दिवस विद्यार्थी खोलीत का राहत नाहीत, हे पाहिल्याशिवाय तुमची सूचना पुढे सरकणार नाही. अंगात ताप असताना ते येतात ते हजेरी कापली जाईल, प्रात्यक्षिक बुडेल किंवा अंतर्गत परीक्षेचे गुण जातील या भीतीने. त्यातच आजारपणाच्या रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची अट असली, की ज्याला खरे तर पडून राहण्याची गरज आहे तो केवळ एका कागदासाठी दवाखान्याच्या रांगेत खोकत बसतो आणि डॉक्टरांचा वेळही त्यातच जातो.

माझ्या मते तुमची पहिली मागणी साथीच्या काळापुरती प्रमाणपत्राची अट शिथिल करण्याची असावी. विद्यार्थ्याने वर्गशिक्षकांना संदेश पाठवून कळवावे, तेवढ्या दिवसांची गैरहजेरी धरली जाऊ नये आणि बुडालेल्या चाचणीसाठी फेरचाचणीची तारीख आधीच जाहीर असावी. काही जण याचा गैरफायदा घेतील, हा आक्षेप बैठकीत हमखास येईल. घेतीलही, पण चार जणांनी फुकटची सुट्टी मारणे हे एका तापलेल्या विद्यार्थ्याने भरलेल्या वर्गात तासन्‌तास बसण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडते. हाच नियम शिक्षकांनाही लागू करावा, कारण तास बुडू नये म्हणून खोकत शिकवणारे आमच्यातही कमी नाहीत.

उत्तर (वसतिगृह अधीक्षक)

वसतिगृहात एक-दोन खोल्या आजाऱ्यांसाठी राखून ठेवता आल्या तर उत्तमच. ते शक्य नसेल तर खाटा शक्य तितक्या लांब सरकवाव्यात आणि एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पायथे येईल अशा लावाव्यात, म्हणजे झोपेत तोंडे समोरासमोर येत नाहीत. आजाऱ्याचे जेवण खोलीत पोहोचवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवावी, नाहीतर तो भुकेपोटी मेसच्या रांगेत येतोच. पाण्याच्या टाकीवर साखळीने बांधलेला सामायिक पेला तर आजच काढून टाकावा.

पुन्हा प्रश्न (विद्यार्थी प्रतिनिधी)

सर्वांचे आभार. लसीकरण शिबिराची मागणीही करावी का? ‘लस घेतली आणि फ्लूच झाला’ असे सांगणारे वर्गात बरेच आहेत.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी)

जरूर करावी, पण शिबिर साथीच्या आधी हवे, कारण लशीपासून संरक्षण मिळू लागायला सुमारे दोन आठवडे लागतात. दंडावर टोचल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. एखाद-दुसरा दिवस दंड दुखतो किंवा अंगात कसकस वाटते, इतकेच. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, मात्र तो गंभीर होण्याची शक्यता कमी होते. विषाणू सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना लशीच्या घटकांचा वर्षातून दोनदा आढावा घेते, म्हणून गेल्या वर्षीच्या लशीवर विसंबून राहू नये.

एक भर मात्र घाला. दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या विद्यार्थ्यांनी, तसेच गरोदर विद्यार्थिनींनी ताप येताच डॉक्टरांना गाठावे, कारण फ्लूवरील विषाणूरोधक औषध ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते; अँटिबायोटिकचा मात्र या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, भान हरपल्यासारखे वागणे किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, आणि त्यासाठी रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस लावलेला असावा.