विषय: महागडी सायकल घराच्या विम्यात बसते का?

मुग्धा, हॅरो

सर्वांना नमस्कार,

इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, विम्यातल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. ऑफिसच्या सायकल टू वर्क योजनेतून (सायकल आधी मिळते, पैसे पगारातून कापले जातात) मी नवी रोड बाइक घेतली. दुकानातली किंमत २,४०० पाउंड. नवऱ्याची घडीची ब्रॉम्प्टन सायकल घरात आधीपासून आहे, म्हणजे दोन्ही मिळून चार हजारांच्या घरात गेलो. दुकानदाराने सायकल ताब्यात देतानाच स्वतंत्र सायकल विम्याचं पत्रक हातात ठेवलं. हप्ता बराच वाटला. घरातल्या सामानाचा विमा आम्ही दरवर्षी भरतोच, त्याचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. शेजारीण म्हणते, सायकली त्यातच येतात, वेगळं काही करायला नको.

माझी सायकल दिवसभर स्टेशनबाहेरच्या स्टँडला असते, रात्री मागच्या अंगणातल्या शेडमध्ये. ब्रॉम्प्टन घडी होऊन घरातच येते. काय करावं?

मुग्धा

सुधाकर, वेम्बली

मुग्धा,

शेजारणीचं बरोबर आहे, पण अर्धंच. मी क्लेमच्या खात्यात बरीच वर्षं काढली. सायकलींच्या नाकारलेल्या क्लेममध्ये तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा दिसायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉलिसीवर 'सामान ५०,००० पाउंड' असं छापलेलं असतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण आत एका वस्तूसाठी वेगळी मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी हजार ते दोन हजारांच्या दरम्यान, आणि सायकलीला कधीकधी त्याहूनही कमी. तुझी सायकल त्या मर्यादेपलीकडे असेल तर तिचं मेक, मॉडेल आणि किंमत कळवून ती पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, नावानिशी चढवून घ्यावी लागते. नाहीतर २,४०० ची सायकल गेली तरी हातात मर्यादेएवढेच पैसे, आणि त्यातूनही एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, वजा.

किंमत सांगताना पगारातून किती कापले जातात ते सांगू नकोस. करसवलतीमुळे तुला सायकल स्वस्त पडली असेल, पण नवी आणायला गेलीस तर दुकान पूर्ण २,४०० च घेणार. जुन्याच्या बदली नवं देणाऱ्या पॉलिसीत आज नवी घ्यायला काय पडेल, तीच रक्कम लिहायची. दिवे, कॅरियर, जीपीएस यांचाही विचार त्याच वेळी कर. नुसतं चाक किंवा सीट चोरीला गेली तर बऱ्याच पॉलिसी काही देत नाहीत, सायकल अख्खी गेली तरच देतात.

दुसरं, घराबाहेरचं. साधा सामानाचा विमा घराच्या चार भिंतींपुरता असतो. स्टेशनच्या स्टँडवरची सायकल त्यात येत नाही. त्यासाठी घराबाहेरच्या वस्तूंचं जोड-कलम घ्यावं लागतं, आणि काही कंपन्यांत सायकलीसाठी तेही निराळं असतं. तू दिवसातले आठ-दहा तास सायकल बाहेर ठेवतेस, तेव्हा तुझ्यासाठी विमा म्हणजे मुख्यतः हेच कलम. ते नसेल तर बाकीचं असून नसल्यासारखं.

तिसरं कुलूप. बाहेर ठेवलेली सायकल जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला, फ्रेममधून कुलूप घालून बांधलेली हवी. नुसतं चाक बांधलं आणि चोर चाक सोडून बाकी सायकल घेऊन गेला, अशी फाइल टेबलावर आली की आम्हालाही वाईट वाटायचं. महाग सायकलींना बऱ्याच कंपन्या कुलपं तपासणाऱ्या सोल्ड सिक्युअर संस्थेचा शिक्का असलेलं कुलूप मागतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यात वर डायमंड असे दर्जे आहेत, आणि सायकलीच्या किमतीनुसार कुठला दर्जा हवा ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. कुलपाची पावती जप. दोन्ही किल्ल्या जप. क्लेमच्या वेळी किल्ल्या मागतात.

शेडचं पुस्तिकेत नीट बघ. शेड आणि गॅरेजमधल्या सामानाला बहुतेक पॉलिसींत आणखी एक वेगळी मर्यादा असते, आणि चोरी कडी-कोयंडा तोडून झाल्याच्या खुणा लागतात. उघड्या शेडमधून सायकल नेली तर क्लेम उभा राहणं कठीण. जमिनीत बसवायचा अँकर मिळतो. तो आत बसवून सायकल त्यालाच बांध.

सायकल टू वर्कचं एक राहिलं. भाड्याची मुदत संपेपर्यंत कागदोपत्री सायकल तुझी नसते, तुझ्या ऑफिसची किंवा योजना चालवणाऱ्यांची असते. सांभाळायची जबाबदारी मात्र तुझी. सायकल चोरीला गेली तरी पगारातले हप्ते सहसा चालूच राहतात. सामानाच्या विम्यात 'तुमच्या मालकीच्या किंवा तुम्ही कायद्याने जबाबदार असलेल्या वस्तू' असं वाक्य असतं, त्यात तू बसतेस. तरी विमा कंपनीला हे आधीच सांग आणि उत्तर लेखी घे. फोनवरच्या 'हो हो, चालतं' ला वर्षभरानंतर कुणी साक्षीदार नसतो.

सुधाकर

नचिकेत, रेडिंग

काका, सगळं पटलं, पण एका मुद्द्यावर मी वेगळा विचार करतो.

घराच्या विम्यातून सायकलीचा क्लेम केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, अख्ख्या घराच्या पॉलिसीचा जातो. पुढच्या वर्षी छप्पर, पाइप, सामान सगळ्याचा हप्ता चढतो. नव्या कंपनीकडे जावं तर गेल्या पाच वर्षांतले क्लेम विचारतात, आणि खरं सांगावंच लागतं. स्वतंत्र सायकल विम्यात तो हिशोब घरापासून लांब राहतो. लंडनसारख्या शहरात सायकल रोज बाहेर उभी राहत असेल तर चोरी आज ना उद्या होऊ शकते, हे धरूनच चालायला हवं.

आणि चोरीपुरतंच बघू नका. मी क्लबबरोबर चालवतो, अधूनमधून टाइम ट्रायलला, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला, उतरतो. घराच्या विम्यात शर्यत सरळ वगळलेली असते. कार्बन फ्रेमला पडल्यामुळे तडा गेला तर अपघाती नुकसानीचं जास्तीचं कलम घेतलेलं असेल तरच आशा. दरवर्षी आम्ही मयोर्काला जातो, विमानातून सायकल न्यायची म्हणजे काळजी. परदेशात घराचा विमा किती दिवस लागू राहतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. या सगळ्यासाठी मी वेगळी पॉलिसी घेतो, आणि ज्याची सायकल शर्यतीत जाते त्याने तीच घ्यावी असं माझं मत आहे.

आता माझ्या जुन्या क्लेमबद्दल. गॅरेज फोडून सायकल नेली होती. घराच्या विमा कंपनीने क्लेम मान्य केला, पण रोख रक्कम देईनात. त्यांच्या ठरलेल्या दुकानाचं व्हाउचर घ्या म्हणाले, आणि त्या दुकानात माझ्या मापाची फ्रेम तर सोडाच, तो ब्रँडच नव्हता. रोख हवी असेल तर त्यांना दुकानात मिळणारी सवलत कापून देऊ, असं उत्तर. मी लेखी तक्रार केली. आठ आठवड्यांत धड उत्तर आलं नाही म्हणून विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे गेलो. तिथे आपल्याला एक पैसा पडत नाही. व्हाउचर माझ्या कामाचं नसेल तर पूर्ण रक्कम द्यायला हवी, असा निकाल लागला आणि पैसे मिळाले. हे सांगतोय कारण आपले लोक पहिल्या नकारावरच गप्प बसतात. बसू नका.

नचिकेत

कल्याणी, मिल्टन कीन्स

नमस्कार. माझी लेक केंब्रिजला शिकते आणि तिथे सायकलीशिवाय पान हलत नाही. चोऱ्याही तितक्याच. आमच्या घराच्या विम्यात शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांचं सामान एका मर्यादेपर्यंत येतं, हे मला रिन्यूअलची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली तेव्हा कळलं. फोन करून सविस्तर विचारलं. तिच्या खोलीतली सायकल चालते, पण चार मुलं मिळून राहतात त्या घराच्या खालच्या सामायिक वाटेत ठेवलेली चालत नाही, कारण ती जागा 'कुलूपबंद खोली' धरत नाहीत. म्हणून तिला सांगून ठेवलंय, रात्री सायकल वर खोलीत. ज्यांची मुलं यंदा बाहेर पडणार आहेत त्यांनी सप्टेंबरच्या आत हा एक फोन जरूर करा.

दुसरं, इलेक्ट्रिक सायकलींचं काय? मंडळातल्या तीन-चार घरांत आल्यात. एकांनी तर साध्या सायकलीला मोटरचा किट बसवून घेतलाय.

कल्याणी

सुधाकर, वेम्बली

कल्याणीताई, सामायिक वाटेचा मुद्दा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना लागू आहे. जिन्याखालची जागा, इमारतीचं सायकल स्टोअर, यांना पॉलिसी घर मानते की नाही हे विचारूनच घ्यावं.

इलेक्ट्रिक सायकलीबद्दल ब्रिटनचा नियम असा: मोटर २५० वॉटपर्यंत, ताशी १५.५ मैलांच्या पुढे मोटरची मदत बंद, पेडल असायलाच हवेत आणि चालवणारा १४ वर्षांचा किंवा त्याहून मोठा. एवढ्यात बसली तर कायद्याने ती सायकलच, आणि बऱ्याच कंपन्या सामानाच्या विम्यात घेतात. सगळ्याच घेत नाहीत, त्यामुळे गृहीत धरू नये. नियमाबाहेर गेली की ती मोटार-वाहन ठरते. मग नोंदणी, लायसन्स, वाहनाचा विमा सगळं लागतं, आणि घराच्या विम्यातून मोटार-वाहनं वगळलेली असतात. घरी बसवलेला किट याच रेषेवर असतो. बॅटरीचीही मला मनापासून काळजी वाटते. लंडन फायर ब्रिगेड वारंवार बजावते आहे की ही बॅटरी बाहेर पडायच्या वाटेवर, दारापाशी किंवा जिन्यात चार्ज करू नका. कृपा करून रात्री झोपेत चार्जिंग ठेवू नका.

नचिकेत, तुझं शर्यतीचं आणि नो-क्लेमचं म्हणणं मला मान्य आहे. मुग्धाने दोन्हीकडचे आकडे काढून बघावेत. स्वतंत्र विम्याचा वर्षाचा हप्ता एका बाजूला. घराच्या पॉलिसीत सायकल चढवल्यावर वाढणारा हप्ता दुसऱ्या बाजूला, त्यात एक्सेस किती आणि क्लेम झालाच तर बोनस किती उतरेल तेही धर. शिवाय जानेवारी २०२२ पासून घराच्या विम्याच्या रिन्यूअलला जुन्या ग्राहकाकडून नव्या ग्राहकापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण दुसऱ्या कंपनीचा भाव कमी असू शकतो, म्हणून चौकशी करायचीच.

सुधाकर

मुग्धा, हॅरो

काका, नचिकेत, कल्याणीताई, मनापासून आभार. विमा कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं. एका वस्तूची मर्यादा १,५०० पाउंड. रोड बाइक नावानिशी चढवता येईल, ब्रॉम्प्टन मर्यादेत बसते पण घराबाहेर हवी असेल तर तीही कळवायची. बाहेरचं कलम घेतलं तर दोन्हींना मिळून हप्ता स्वतंत्र विम्याच्या निम्म्याहून कमी वाढतो. कुलूप गोल्ड दर्जाचं हवं. सायकल टू वर्कला त्यांची हरकत नाही, तसं लेखी दिलंय.

दोन गोष्टी खटकल्या. शेडची मर्यादा १,००० पाउंड आहे. आणि बाहेर एकाच जागी २४ तासांपेक्षा जास्त ठेवलेली सायकल चालत नाही. कधी पाऊस आला तर मी सायकल स्टेशनलाच सोडून बसने घरी येते.

मुग्धा

सुधाकर, वेम्बली

मुग्धा, घराचाच विमा घे. तू शर्यतीत जात नाहीस, आणि तुझं घर-ते-स्टेशन त्यात नीट बसतं.

शेडबद्दल परत ईमेल कर: शेड्यूलवर नावानिशी चढवलेल्या सायकलीला शेडची मर्यादा लागू आहे का? काही कंपन्या अशा सायकलीला ती लावत नाहीत. 'लागू आहे' असं उत्तर आलं तर सायकल रात्री घरात आण, दाराशी जागा कर. २४ तासांचं कलम मात्र बदलून मिळायचं नाही. पावसात एक रात्र राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच, २४ तास भरायच्या आत उचल. शुक्रवारी सोडून सोमवारी आणायला गेलीस तर विमा नाही असंच धर.

आणि आज एवढं कर. सायकल उलटी कर. पेडलची दांडी जिथून जाते त्याच्या खाली, फ्रेमच्या पोटाला नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो, पूर्ण सायकलचा फोटो, कुलपाच्या पावतीचा फोटो, तिन्ही स्वतःलाच ईमेल करून ठेव. तो नंबर बाइकरजिस्टर या सायकल-नोंदणीच्या वेबसाइटवर नोंदव, पोलीस सापडलेल्या सायकली तिथे तपासतात. चोरी झालीच तर आधी पोलिसांत तक्रार करून क्राइम रेफरन्स नंबर घे, मग विमा कंपनीला फोन. तो नंबर नसेल तर क्लेम पुढे सरकत नाही.

आणि एवढं करूनही एखाद्या अटीवर बोट ठेवून नकार आला, तर त्या अटीचा चोरीशी संबंध होता का हे विचार. घर फोडून आतून सायकल नेली असेल, तर स्टेशनवरच्या कुलपाची पावती नाही म्हणून क्लेम नाकारणं इथल्या नियमांत बसत नाही. असं पत्र कुणालाही आलं तर मला पाठवा, उत्तराचा मसुदा मी लिहून देईन.

सुधाकर