‘मंगूज’वर हक्क कुणाचा? मराठीचा की तेलुगू-कन्नडचा?

ओसरी: इंग्रजीतला ‘मंगूज’ म्हणजे आपला मुंगूसच. ऑक्सफर्डचा कोशसुद्धा मूळ मराठी ‘मंगूस’ असंच देतो. उत्तरेत त्याला नेवला म्हणतात, संस्कृतात नकुल. म्हणजे इंग्रजांनी तो उचलला तो आपल्याच मुलखातून. तरी ‘मराठीनं इंग्रजीला काय दिलं’ असं विचारलं की लोक गप्प बसतात.

तुंगभद्राकाठ: जरा दमानं घ्या, ओसरीराव. कन्नडमध्ये ‘मुंगुसि’, तेलुगूत ‘मुंगिस’. 1886च्या हॉब्सन-जॉब्सन या, इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या कोशात यूल आणि बर्नेल यांनी हा शब्द सरळ तेलुगू ठरवलाय, मराठीचा उल्लेख नुसता जाता जाता. आपण मधले दलाल. घर त्यांचं, भाडं आपण खायचं?

ओसरी: कन्नड-तेलुगू म्हणजे द्राविडी म्हणता, मग त्याच कुळातल्या तमिळ-मल्याळममध्ये ‘कीरी’ कसं? शिवाय प्राकृतातही ‘मंगुस’ सापडतो. म्हणजे आपल्याकडे तो कालपरवा आलेला नाही.

तुंगभद्राकाठ: तमिळमध्ये नाही म्हणून द्राविडी नाही, हा कुठला न्याय? आणि प्राकृतानं दक्षिणेकडून शब्द घेतलेच नाहीत की काय!

चिंचेखाली: तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडताय. शब्द जन्मला कुठे हा एक, इंग्रजांच्या कानावर कुणाच्या तोंडून पडला हा दुसरा. पहिल्यात मी तुंगभद्राताईंच्या बाजूची, दुसऱ्यात मराठीच्या. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. त्याचं प्रवासवर्णन 1698 साली छापलं गेलं, त्यात हा प्राणी याच नावानं येतो. गडी मुंबई-सुरतेत राहिला, पार जुन्नरपर्यंत जाऊन आला.

तुंगभद्राकाठ: आणि 1673 साली हिंदुस्थानात उतरला कुठे? मच्छलीपट्टणला! तेलुगू मुलूख. ते बरं सोयीस्कर गाळलंत.

चिंचेखाली: उतरला, पण टिकला किती? बरीचशी वर्षं पश्चिम किनाऱ्यावरच काढली त्यानं.

पाणक्या: (अवांतर) शेवटच्या ‘गूज’चा बदकाच्या जातीतल्या गूजशी काडीचा संबंध नाही. इंग्रजांनी ओळखीचं स्पेलिंग डकवलं, झालं. म्हणून अनेकवचन ‘मंगूजेस’, ‘मंगीस’ नव्हे. चालू द्या.

ओसरी: मच्छलीपट्टणचा मुद्दा मान्य नाही. बंदरावर उतरल्या उतरल्या मुंगूस दाखवायला कोण उभं होतं?