शाळेचं पाणलोट क्षेत्र?

एका भाषांतरात 'स्कूलचा कॅचमेंट एरिया' याला 'शाळेचे पाणलोट क्षेत्र' केलेलं वाचलं. हसलो खरा, पण मलाही नेमका शब्द सुचेना. आणि डिस्ट्रिक्ट आलं की दर वेळी जिल्हाच लिहायचा का?

– पाणलोट धरणाचा, शाळेचा नव्हे. इंग्लंडात बऱ्याच सरकारी शाळांच्या कॅचमेंटमध्ये, म्हणजे शाळेभोवतीच्या ठरलेल्या भागात, घर असलं की प्रवेशाला प्राधान्य मिळतं, म्हणून चांगल्या शाळेजवळची घरं महागतात. 'प्रवेशक्षेत्र' म्हणता येईल, पण त्याला परिपत्रकाचा वास येतो. 'शाळेच्या हद्दीतली घरं' बरं.

डिस्ट्रिक्टचं म्हणाल तर आपल्या कानात कलेक्टरचा जिल्हा बसलाय. टेक्ससमध्ये काउंट्या २५४ आणि स्कूल डिस्ट्रिक्ट हजारावर! आपल्या जिल्ह्याला जवळची ती काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाची हद्द. शॉपिंग डिस्ट्रिक्टला आपली बाजारपेठ आहेच. इंग्लंडातला लेक डिस्ट्रिक्ट हा तर तळ्या-डोंगरांचा मुलूख, त्याला 'तळे जिल्हा' कोण म्हणेल?

– मग 'इनर सिटी'ला पेठा म्हटलं तर?

– नका हो! इनर सिटी म्हणजे नुसता शहराचा मधला भाग नाही. तिकडच्या वाचकाला त्यात गरिबी, बेकारी, पडझड झालेल्या इमारती दिसतात. सदाशिव पेठेत राहणाऱ्याला हे सांगून बघा. 'शहरातली गरीब वस्ती' असं उघड लिहावं. 'लीफी सबर्ब'चं बरोबर उलटं. शब्दात झाडं, सांगायचाय पैसा. आपण त्याला 'पॉश एरिया' म्हणतो, विषय संपला.

– 'बिल्ट-अप एरिया' राहिला की. ब्रिटनमध्ये तो दाट वस्तीचा भाग; तिथे गाड्यांना एरवी ताशी ३० मैलांची मर्यादा, वेल्समध्ये आता २०. आपल्याकडे तेच शब्द फ्लॅटच्या मापाला, बाहेरच्या भिंती धरून. २०१६ च्या रेरा कायद्याने विक्रीचा हिशेब कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, आणला, तरी एजंटांच्या तोंडी बिल्ट-अप आहेच.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. नव्या घराबद्दल फोनवर सांगत होता, "मामा, एकदम बिल्ट-अप एरिया आहे." आमच्या दादांनी फोन ओढून घेतला : "ते राहू दे, कार्पेट किती ते सांग."