स्कॉटलंडच्या बेटांवरचा निवांत दिवस : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, स्कॉटलंड म्हटलं की एडिनबरा, लॉख नेस आणि स्काय, तेही बहुतेक वेळा गाडीच्या खिडकीतून. हा धागा त्याहून आडबाजूच्या बेटांसाठी. सायकलवर किंवा पायी घालवलेला एखादाच दिवस लिहा. किती ठिकाणं झाली ते नको, कुठे रेंगाळलात ते सविस्तर येऊ द्या.

गीआ

मुलगा ग्लासगोला असतो. मे महिन्यात सूनबाईने आम्हाला गीआला नेलं. समोरच्या किनाऱ्यावरच्या टेइनलोन गावाहून बोटीने 20 मिनिटं. बेट जेमतेम 11 किलोमीटर लांब. मुलं भाड्याच्या सायकली घेऊन उत्तर टोकाकडे गेली, आम्ही दोघं चालत आकमोर बागेत. ऱ्होडोडेंड्रॉन दोन पुरुष उंच, फुलांनी लगडलेले. ही बाग जेम्स हॉर्लिक यांनी फुलवली, त्यांनी 1944 साली हे बेट विकत घेतलं होतं. हो, आपल्या घराघरांतल्या हॉर्लिक्सच्याच घराण्यातले!

मला मात्र पुढची गोष्ट जास्त भावली. मालक बदलत गेले, वस्ती शंभराच्या आत आली, आणि 2002 साली रहिवाशांनी मिळून अख्खं बेट विकत घेतलं. नंतर गावाच्या मालकीच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. त्यांच्या विजेचा पैसा गावातच राहतो. बाकावर भेटलेल्या एका आजींनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. यांचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही त्यापुढे गेलोच नाही. दिवस सोन्याचा गेला.

कॉलन्से ते ऑरन्से

मी अलिबागचा. ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, त्यामुळे कॉलन्सेच्या दक्षिण टोकाला ‘द स्ट्रँड’समोर उभा राहिलो तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. भरतीला समुद्र, ओहोटीला दूरवर ओली वाळू आणि पलीकडे ऑरन्से.

ओबानहून कॉलन्सेला बोटीने दोन तासांहून जास्त लागतात, म्हणून मुक्कामी होतो. ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवली. सायकल काठावरच ठेवली, कारण खारं पाणी साखळी खातं. बूट गळ्यात अडकवून अनवाणी निघालो. वाळूवरच्या वळ्या इतक्या घट्ट की तळव्यांना रुतत होत्या, मधल्या खळग्यांत घोटाभर पाणी, थंडगार.

पलीकडे चौदाव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत. बाहेर उंच कोरीव दगडी क्रूस. एका खोलीत थडग्यांवरच्या शिळा भिंतीला टेकवून ठेवल्यात. तलवारी, हरणं, वेलबुट्टी, आणि पुढची-मागची टोकं उंच वळलेलं गलबत. आमच्याकडच्या कोळीवाड्यात वाढलेला माणूस गलबतापुढून हलत नाही. मीही तिथेच बसून डबा खाल्ला. बेटावरची शेती पक्षिसंरक्षण संस्था सांभाळते, गवतात लपून राहणाऱ्या कॉर्नक्रेक पक्ष्याची पिल्लं मोठी होईपर्यंत गवत कापत नाहीत. त्याची करकर ऐकू आली, पक्षी काही दिसला नाही. पाणी चढायच्या बरंच आधी परत फिरलो. जाणाऱ्यांनी एवढं पाळाच, मध्ये आसरा नाही.

व्हॅटर्से

हेब्रिडियन वे हा सायकलमार्ग इथून निघतो आणि 297 किलोमीटरवर लुईस बेटाच्या उत्तर टोकाला संपतो. गटातले बाकीचे पहाटेच निघाले. मैत्रीण आणि मी मात्र ठरवून दिवसभर इथेच राहिलो. बेटाची कंबर इतकी अरुंद की एका किनाऱ्यावरून उठून दुसऱ्यावर जायला काही मिनिटं पुरतात. मधल्या गवताळ वाळवंटाला माखर म्हणतात. शिंपल्यांच्या चुऱ्याची माती, जून-जुलैत पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी भरलेली.

तिथेच ॲनी जेन जहाजाचं स्मारक आहे. 1853 साली कॅनडाला निघालेली सुमारे साडेतीनशे माणसं या किनाऱ्यावर बुडाली. कितीतरी कुटुंबं पोरंबाळं घेऊन निघाली होती. आम्ही सायकली आडव्या ठेवून बसलो आणि खूप वेळ बोललो नाही.

व्हॅटर्सेला शेजारच्या बॅरा बेटाशी जोडणारा बांध 1991चा. त्याआधी गुरं खाडीतून पोहत न्यायची. 1986 साली त्यात एक जातिवंत वळू बुडाला आणि बांधाच्या मागणीने जोर धरला.

पापा वेस्ट्रे, ऑर्कनी

शेजारच्या वेस्ट्रे बेटाहून इथलं विमान दोनेक मिनिटांत उतरतं, जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. पुढे मी पायीच. नॅप ऑफ हाउअरची दोन दगडी घरं पाच हजार वर्षांहून जुनी आहेत. दारातून वाकून आत जायचं. भिंतीतले कोनाडे अजून शाबूत आहेत. मी एका कोनाड्यात हात घालून बघितला. कुणाची तरी भांडी इथे राहत असतील. बाहेर वारा, आत अजिबात नाही.

वाऱ्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी

हेब्रिडीजमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे सायकल मारा. कॅलमॅक या फेरी कंपनीच्या बोटींवर सायकलचे पैसे पडत नाहीत. रस्ते एकपदरी आहेत, मागून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबा आणि हात करा, समोरचाही करतोच. लुईस-हॅरिसला रविवार पाळतात, बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा आणि रविवारी कॅलानिशच्या उभ्या शिळांपाशी चालत जा, त्यांना कुलूप नाही.