किरण मोरेचे ६ स्टंपिंग कुणाला आठवतात का?

दांडियाबाजारकर:
काल आपल्या बडोद्याच्या मोती बाग ग्राउंडवरून जाताना बाबांची आठवण आली म्हणून विचारतोय. जानेवारी १९८८, चेन्नईचं चेपॉक, वेस्ट इंडिजविरुद्धची टेस्ट. लेग स्पिनर नरेंद्र हिरवाणीने आपल्या पहिल्याच टेस्टमध्ये १३६ रन देऊन १६ विकेट काढल्या हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्याच मॅचमध्ये आपल्या बडोद्याच्या विकेटकीपर किरण मोरेने ६ स्टंपिंग केले (बॅट्समन पुढे येऊन चुकला की मागून स्टंप उडवून आउट), त्यातले ५ एकाच डावात, आणि हे दोन्ही टेस्ट क्रिकेटमधले विक्रम आहेत, हे कुणाच्या लक्षातच नाही. मोरे म्हटलं की ९२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याला वेडावत पाकिस्तानच्या मियाँदादने मारलेल्या उड्या, नाहीतर लॉर्ड्सला त्याच्या हातून ३६ वर सुटलेला इंग्लंडच्या गूचचा कॅच (त्याने पुढे ३३३ केले). मला हे मनापासून लागतं. मी ७ वर्षांचा होतो, बाबा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले आणि प्रत्येक स्टंपिंगला अंपायरचं बोट वर जायच्या आधी "गेला!" म्हणून ओरडायचे, ते अजून कानात आहे. ती मॅच कुणी पाहिली होती का? आणि नुसत्या हातांच्या जोरावर मॅच फिरवणारे असे अजून कोण, ज्यांचं नाव आता कुणी घेत नाही?

इंदूरचा_राजवाडा:
भाऊ, आम्ही इंदूरवाले हिरवाणीचंच कौतुक करत आलो कारण तो आमच्याकडचा, पण तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पिच खराब होतं, बॉल कधी हातभर वळायचा कधी सरळ घुसायचा, आणि हिरवाणी १९ वर्षांचा नवा पोरगा. समोर ४१६ चं टार्गेट, मग ते लोक पुढे येऊन मारायला जायचे, चुकायचे, आणि मागे मोरे. १६० ला ऑलआउट. बॅट्समनला जी गुगली (उलटा वळणारा बॉल) कळली नाही ती किपरला कळायलाच हवी ना, नाहीतर ५ स्टंपिंगऐवजी बायच्या २० रन गेल्या असत्या.

किपरताई:
मी कॉलेजच्या टीममध्ये ४ वर्षं किपिंग केलंय म्हणून सांगते, लेग स्पिनरला स्टंपला चिकटून उभं राहणं काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. बॅट्समन पुढे सरसावला की बॉल त्याच्या अंगाआड जातो, तुम्हाला दिसतच नाही, टप्पा कुठे पडला त्यावरून अंदाज बांधायचा आणि तरी हात पुढे न्यायचे नाहीत, बॉल स्टंपच्या मागे यायच्या आत ग्लव्हज पुढे गेले तर नो बॉल. वर बॉल उसळला तर त्याच्याबरोबर उठायचं, आधी नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. मोरे बुटका, चपळ, आणि तोंड सतत चालू, मला तो फार आवडायचा. ४९ टेस्टमध्ये ११० कॅच आणि २० स्टंपिंग, म्हणजे २० पैकी ६ त्या एका मॅचमध्ये! आणि मोरे गेल्यावर १९९४ ला नयन मोंगिया आला, तोही बडोद्याचाच, कुंबळेची बोलिंग आपल्या फिरत्या पिचवर वर्षानुवर्षं सांभाळली त्याने. त्याचं तरी नाव कुठे निघतं?

रावपुऱ्याचे_काका:
पोरांनो, सोलकरला विसरलात की काय. १९७१, ओव्हल, इंग्लंडविरुद्धची टेस्ट, आम्ही चौघं भाऊ रेडिओला कान लावून. सगळे चंद्राच्या (चंद्रशेखरच्या) ३८ रनात ६ विकेट सांगतात, बरोबरच आहे, पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर उभा होता ना, हेल्मेट नाही काही नाही, बॅटपासून हातभर. फ्लेचर शून्यावर त्याच्याच हातात, आणि पहिल्या डावात ९० करणारा नॉट, तो वेंकटच्या (वेंकटराघवनच्या) बॉलवर, सोलकरने पुढे झेप घेऊन जमिनीलगत उचलला. इंग्लंड १०१ ला ऑलआउट. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, २७ टेस्टमध्ये ५३ कॅच. आणि त्या दौऱ्याचे मॅनेजर कोण, तर कर्नल हेमू अधिकारी, आपल्या बडोद्याकडून रणजी खेळलेले, स्वतः कव्हरला नावाजलेले फिल्डर. फिल्डिंगच्या बाबतीत फार कडक माणूस. यजुर्वेंद्र सिंगचंही सांगतो, १९७७, बंगळूर, पहिल्याच टेस्टमध्ये ७ कॅच, त्यातले ५ एका डावात, तेव्हाच्या दोन्ही विक्रमांची बरोबरी. पण सगळ्या मिळून ४ च टेस्ट मिळाल्या त्याला. वाईट वाटतं.

दांडियाबाजारकर:
काका, नॉटचा कॅच तुम्ही सांगितलात तसाच बाबाही हात पुढे करून दाखवायचे, वाचताना अंगावर काटा आला. ताई, एक विचारायचं होतं, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला किपिंगच करायचंय, पण बॉल बॉलरच्या हातातून सुटला की लगेच उभी राहते आणि खाली राहिलेला बॉल पायांमधून जातो. काय करू?

किपरताई:
घाईने उठते म्हणजे बॉलची भीती आहे थोडी, ती जाईल. टेनिस बॉल घ्या, ५-६ पावलांवरून टप्पा पाडून टाका, टप्पा पडेपर्यंत बूड उचलायचं नाही एवढा एकच नियम, रोज ५० बॉल. बॅट्समन नको सध्या. पंधरा दिवसांनी समोर एक खुर्ची ठेवा म्हणजे बॉल मध्येच दिसेनासा होईल. आणि तिला मोरेचे ते स्टंपिंग दाखवा, हातांकडे नाही, गुडघ्यांकडे बघ म्हणावं.