धुरक्यामुळे ऊन अडतं, मग पृथ्वी तापते कशी?

निरभ्र:
प्रदूषण कमी केलं की तापमानवाढही आटोक्यात येईल, असं सरसकट सांगितलं जातं. पण धुरकं दाटलं की ऊन कमी पोचतं, मग गारवा यायला हवा ना? आणि डिझेल गाडीला काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर तापमानवाढीत नेमका काय फरक पडतो?

हवापाणी:
शंका रास्त आहे. धुरातले सगळे कण एका जातीचे नसतात. गंधक असलेला कोळसा किंवा तेल जाळलं की सल्फर डायऑक्साइड निघतो, त्याचे सल्फेटचे कण बनतात. ते ऊन परतवतात. १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने हाच वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात फेकला, आणि जगाचं सरासरी तापमान वर्षभरात सुमारे ०.५ अंशाने उतरलं. तिथे पाऊस नसतो, म्हणून कण वर्ष-दोन वर्षं टिकले. खालच्या हवेतले कण मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत धुऊन निघतात.

काजळीचं उलटं. ती ऊन शोषते आणि भोवतालची हवा तापवते. बर्फावर बसली तर फारच वाईट: ताजा बर्फ ८० टक्के किंवा त्याहून जास्त ऊन परत पाठवतो, पण वर काळपट थर आला की तेच ऊन आत मुरतं, बर्फ लवकर वितळतो, आणि उघडी पडलेली गडद जमीन आणखी तापते.

त्याच धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहतो. म्हणजे सल्फेटचा गारवा उसना, आणि तापवणारा वायू साचतच जातो.

इंजिनवाला:
फिल्टरबद्दल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेलचं स्वतःचं वजन किलोपेक्षा कमी, पण दर १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो. फिल्टर यातला ग्रॅमभरही अडवत नाही. अडते ती काजळी, धड फिल्टर असेल तर ९० टक्क्यांहून जास्त.

फिल्टर भरला की इंजिन जादा डिझेल सोडून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली तर हे जाळणं अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अधूनमधून २०-३० मिनिटं सलग, वेगात चालवा. फिल्टर काढून टाकणं हा कृपया उपाय समजू नका.

निरभ्र:
मग गंधक काढलं तर तापमान वाढेल?

हवापाणी:
थोडं वाढतं, हो. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि जहाजांमागे उमटणारे, ऊन परतवणारे ढगांचे उजळ पट्टे विरळ झाले. तरी गंधक काढायलाच हवं, कारण तेच कण फुप्फुसात जातात. जोडीला मिथेन कमी करा. तो सुमारे १२ वर्षंच टिकतो, पण २० वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. शिवाय नायट्रोजन ऑक्साइडांच्या सोबतीने उन्हात त्यातून ओझोन बनतो. तोही उष्णता धरतो आणि पिकांची पानं करपवतो. वाहिन्यांतला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच, म्हणून सुरुवात गॅसवाहिन्यांचे सांधे, झडपा आणि कॉम्प्रेसरच्या सीलपासून करावी. गळती बहुतेक तिथेच असते.